संचकार आणि सजावट

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधून झाले की घराचे काम संपत असे. भिंतींना चुना लागला, देवासाठी कोनाडा झाला, माजघरात एक फडताळ बसले आणि सोप्यावर झोपाळा टांगला, की वास्तुशांतीचा मुहूर्त धरावयास हरकत नसे. आता तसे राहिलेले नाही. सदनिकेची किल्ली हाती येते तेव्हा आत भिंती, फरशी आणि स्वयंपाकाचा ओटा एवढेच असते, आणि पुष्कळदा खरा खर्च तेथून पुढे सुरू होतो. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, कोठेही नव्या इमारतीत जा. जिन्यातच करवतीचा आवाज आणि फेव्हिकॉलचा वास आपले स्वागत करतो. 'इंटिरियर चालू आहे' हे वाक्य आता आपल्या घराघरांत 'पाव्हणे आले आहेत' इतक्या सहजपणे उच्चारले जाते.

या सदराच्या एका वाचक भगिनींनी पत्र लिहून विचारले आहे की, घराच्या अंतर्गत सजावटीचे काम देताना कागद करावा काय, आणि केल्यास त्यात काय असावे. कायदा हा माझा विषय नव्हे. परंतु शब्दांनी माणसे कशी बांधली जातात व कशी सुटतात, हा भाषेच्या शिक्षकाच्या आस्थेचा विषय खचितच आहे. शिवाय गावातल्या मुख्याध्यापकाकडे लोक जी कागदपत्रे वाचून घेण्यासाठी आणतात, त्यांत अलीकडे जमिनीच्या उताऱ्यांबरोबर या कोटेशनांचीही भर पडली आहे.

प्रथम जुनी रीत आठवावी. पूर्वी सुताराला काम देण्याचे दोन प्रकार असत. एक रोजावर आणि दुसरा उक्ते. रोजावर म्हणजे जितके दिवस काम तितकी मजुरी; यात घाई नसे, काम नेटके होई, पण ते संपता संपत नसे. उक्ते म्हणजे ठरलेल्या कामाची ठरलेली रक्कम. यात काम झटपट होई, पण नजर ठेवावी लागे. लाकूड मालक स्वतः वखारीत जाऊन, बोटाने टिचकी मारून, आणत असे. ते परसात पडे. सुतार तेथेच दुकान मांडी. फळी कोणती, खिळा कोणता, सांधा कसा धरला हे सारे घरातील माणसांच्या डोळ्यांदेखत घडे. या व्यवहारात कागद नसला तरी साक्षीदार घरभर असत.

आता मालक आणि सुतार यांच्यामध्ये तिसरी व्यक्ती आली आहे. तिला आपण सजावटकार म्हणू. तो किंवा ती शिकलेली असते, कल्पक असते, आणि संगणकाच्या पडद्यावर आपल्या घराचे असे चित्र दाखवते की ते आपले घर आहे यावर विश्वास बसू नये. (बहुधा पुढे तो बसतही नाही!) काम ठरते ते या चित्रावरून. वस्तू बनते ती आपल्या डोळ्यांआड, आपण न निवडलेल्या मालातून, आपण न नेमलेल्या माणसांच्या हातून. चित्र आणि वस्तू यांच्यामधले अंतर पूर्वी परसातल्या नजरेने भरून निघत असे. आज ते भरून काढण्यास कागदावाचून दुसरे साधन उरलेले नाही.

आपल्या सीमाभागात आगाऊ रकमेला 'संचकार' असा एक जुना शब्द आहे. इतरत्र त्याला विसार किंवा बयाणा म्हणतात. हा शब्द मराठीत आहे तसा कन्नडातही आहे, आणि गंमत अशी की दोन्ही भाषांत त्याचा दुसरा अर्थ संकट असा होतो. 'अब्रूवर संचकार आला' असे आपण म्हणतो तेव्हा ती अब्रू धोक्यात आली, जणू दुसऱ्या कोणी तिच्यावर आगाऊ हक्क सांगितला, असे आपणांस म्हणावयाचे असते. ज्याने संचकार दिला त्याचा हक्क लागू होतो, हा मूळ व्यवहार. परंतु सजावटीच्या धंद्यात पाहावे तो संचकार देणाराच बांधला जातो. निम्मी रक्कम देऊन झाली, जुने कपाट मोडून टाकले, स्वयंपाकघर उघडे पडले, म्हणजे मालकाला मागे फिरण्यास वाट राहत नाही. शब्दाच्या दोन्ही अर्थांचा प्रत्यय एकाच व्यवहारात यावा, याला काय म्हणावे?

कायद्याच्या दृष्टीने पाहू जाता, भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि आजही तोच चालतो. त्याच्या १०व्या कलमाप्रमाणे करार करण्यास पात्र असलेल्या माणसांनी, राजीखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी व कायदेशीर हेतूने केलेला ठराव हा करार होतो. काही विशिष्ट व्यवहार वगळता तो लेखी असलाच पाहिजे असे हा कायदा म्हणत नाही. म्हणजे तोंडी करारही करारच. तेव्हा 'कागद नाही म्हणून काही देणे लागत नाही' असे म्हणणारा ग्राहक आणि 'कागद नाही म्हणून काही बांधिलकी नाही' असे म्हणणारा सजावटकार, दोघेही सारखेच चुकतात. अडचण येते ती पुराव्याची. दोन प्रामाणिक माणसांच्या दोन स्मरणशक्ती असतात आणि प्रत्येकाची स्मरणशक्ती त्याच्याच घरी जेवते!

कागदाच्या अभावी केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण लंडनमधील आहे. फ्रेडरिक लेलंड हा लिव्हरपूलचा धनाढ्य जहाजमालक. त्याने आपल्या लंडनच्या घरातील भोजनगृह निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांच्या संग्रहासाठी सजविण्याचे काम टॉमस जेकिल या कलावंताकडे सोपविले होते. जेकिलने अक्रोडाच्या लाकडाची नाजूक मांडणी केली आणि भिंतींना जुने, सोनेरी वर्खाचे, फुलांची चित्रे असलेले मौल्यवान चामडे लावले. त्याच दालनात जेम्स व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराचे एक मोठे चित्र टांगलेले होते. चामड्यावरील फुलांचे रंग आपल्या चित्राला मारक होतात असे व्हिसलरला वाटले, आणि ते थोडेसे सौम्य करण्यास लेलंडने संमती दिली. हे १८७६ साल. पुढे जेकिल आजारी पडला आणि लेलंड लिव्हरपूलला निघून गेला. मग व्हिसलरला रान मोकळे मिळाले. त्याने ते सारे मौल्यवान चामडे निळ्याहिरव्या रंगाने झाकून टाकले, छतावर मोरपिसांची नक्षी काढली आणि खिडक्यांच्या दारांवर सोन्याचे मोर रंगविले. मालक घरी नसताना मालकाच्या घरी पाहुणे बोलावून तो आपले काम त्यांना दाखवू लागला. मालक परत आला तेव्हा त्याच्यापुढे २००० गिनींची मागणी ठेवण्यात आली.

लेलंड म्हणाला, मी एवढे काम सांगितलेच नव्हते. व्हिसलरचे म्हणणे, मी तुला अजोड वस्तू दिली आहे. दोघांचेही म्हणणे अक्षरशः खरे होते, हीच या भांडणाची मेख आहे. अखेर लेलंडने १००० दिले, आणि तेही गिनी नव्हे, तर पौंड. गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि पौंड म्हणजे २० शिलिंग. तेथील शिष्टाचाराप्रमाणे कलावंताचा मोबदला गिनीत मोजला जाई आणि दुकानदाराचा पौंडात. रकमेच्या काटछाटीपेक्षा त्या एकेका शिलिंगाचा अपमान व्हिसलरला अधिक झोंबला. त्याने त्याच दालनाच्या भिंतीवर दोन भांडणारे मोर रंगविले. त्यांतील एक दिमाखदार, पायांशी नाणी विखुरलेली, दुसरा दरिद्री. मालकाने जन्मभर आपल्याच भोजनगृहात बसून हे चित्र पाहावे अशी योजना! आणि लेलंडने ते पाहिले. १८९२ साली तो मरण पावेपर्यंत त्या दालनाला त्याने हात लावला नाही. व्हिसलरचे १८७९ साली दिवाळे निघाले, तेव्हा त्याच्या प्रमुख धनकोंमध्ये हाच लेलंड होता. आणि ज्या जेकिलचे मूळ काम झाकले गेले, त्याचे चित्त भ्रमिष्ट होऊन १८८१ साली तो वारला. पुढे १९०४ साली चार्ल्स फ्रीअर या अमेरिकन धनिकाने ते दालनच्या दालन विकत घेतले. आज ते वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात आहे आणि लोक ते पाहण्यास दुरून जातात.

कोणी म्हणेल, कागद असता तर ही कलाकृती निर्माणच झाली नसती. असेल तसे. पण आपल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत वॉशिंग्टनला नेण्याजोगे काही निर्माण होण्याचा संभव फार थोडा, आणि भांडणाचा संभव मात्र लंडनइतकाच.

गेल्या दोन वर्षांतीलच एक व्यवहार सांगतो. एक निवृत्त बँक कर्मचारी आणि एक तरुण सजावटकार. तरुणाचे वडील आणि हे गृहस्थ यांनी एकाच शाखेत वीस वर्षे शेजारी-शेजारी बसून नोकरी केलेली. तरुण आमच्या शाळेचा विद्यार्थी. मुलीचे लग्न दिवाळीनंतर ठरलेले आणि त्याआधी घर सजवावयाचे. 'काका, तुम्ही काळजी करू नका' आणि 'अरे, तुझ्याशी काय कागद करायचा' या दोन वाक्यांत करार संपला. एका पानाचे कोटेशन होते. त्यावर सहा ओळी, खाली 'एकूण अंदाजे ६,४०,००० रुपये', आणि सही एकाचीच. काम झाल्यावर बिल आले ९,१०,००० रुपयांचे. काकांनी शेवटचा हप्ता अडविला, तरुणाने स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटांची दारे आपल्या दुकानात ठेवून घेतली, आणि एका रविवारी दोन्ही बाजू माझ्याकडे आल्या.

वाढीव २,७०,००० रुपयांची फोड करून पाहिली तेव्हा त्यात लबाडी म्हणावी असे काही सापडेना. १,१५,२०० रुपये हा १८ टक्के दराने मूळ रकमेवरील वस्तू व सेवा कर. तो वेगळा पडेल असे तरुणाने गृहीत धरलेले, तो रकमेतच आहे असे काकांनी गृहीत धरलेले, आणि कागद दोहोंविषयी मूक. ९८,००० रुपये मागाहून सुचविलेल्या बदलांचे. यात देवघर सागवानी करणे, दोन्ही शयनगृहांत माळे वाढविणे, लॅमिनेटऐवजी विनियर लावणे अशी कामे होती. हे बदल काकूंनी सांगितले होते, मुलीने सांगितले होते, एक तर भावी जावईबापूंनी सहज येऊन सांगितला होता. काकांनी एकही सांगितला नव्हता. उरलेले ५६,८०० रुपये मापातील फरकाचे. दोन तास बसलो. काकूंनी बदलांपैकी ७१,००० रुपयांचे काम आपण सांगितल्याचे मोकळेपणाने कबूल केले. कराचा भार निम्मा-निम्मा वाटून घेतला, मापाची मागणी तरुणाने सोडली, आणि ७,६८,६०० रुपयांवर तडजोड झाली. दारे दुसऱ्याच दिवशी बसली.

पैशाचा हिशेब मिटला. परंतु लग्नात तरुणाचे वडील दिसले नाहीत. वीस वर्षे ज्यांनी एकमेकांच्या डब्यातली भाजी खाल्ली, ती दोन माणसे आता बाजारात समोरासमोर आली तर एकजण पलीकडच्या बाजूने जातो. आपल्या लोकांत 'तुझ्याशी काय कागद करायचा' हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. माझे मत असे की, ज्याच्याशी संबंध टिकवावयाचा आहे त्याच्याशीच कागद प्रथम करावा. परक्याशी बिनसले तर पैसे जातात. आपल्याशी बिनसले तर पैशांखेरीज पुष्कळ काही जाते.

आता त्या भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. कागदात काय असावे?

मापाचा प्रश्न मी सर्वांत पुढे घेतो, कारण भाव सर्वजण विचारतात आणि माप कोणी विचारीत नाही. कपाटाचा दर चौरस फुटावर सांगितला जातो. समजा, कपाट ६ फूट रुंद व ७ फूट उंच आहे. दर्शनी भाग ४२ चौरस फूट झाला. दर १,६०० रुपये असेल तर किंमत ६७,२०० रुपये. पण त्यावर २ फूट उंचीचा माळा असेल तर आणखी १२ चौरस फूट होतात. ते त्याच दराने की कमी दराने? आतले खण त्यात आले काय? बाजूची उघडी दिसणारी फळी वेगळी मोजणार काय? मुठी, कुलपे, सरकत्या खणांच्या पट्ट्या कोणाच्या? हे ठरलेले नसेल तर १,४०० रुपयांचा दर १,६००च्या दरापेक्षा महाग पडू शकतो. म्हणून दराबरोबर मोजण्याची रीत लिहावी, आणि प्रत्येक वस्तूचे लांबी-रुंदीसह रेखाचित्र कागदाला जोडून त्यावर दोघांनी सही करावी. पडद्यावरचे रंगीत चित्र हे रेखाचित्र नव्हे. त्यात फुलदाणीही असते आणि खिडकीबाहेर समुद्रही असतो.

दुसरी गोष्ट मालाची. 'चांगल्या प्रतीचे प्लाय' ही शब्दयोजना कोणत्याही करारातून हद्दपार करावी. चांगले हे विशेषण निबंधात शोभते. प्लायवुडला भारतीय मानके आहेत, आय. एस. ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचे आणि आय. एस. ७१० हे मरीन प्लायवुडचे. आपल्याकडचा आषाढ-श्रावण ज्याने पाहिला आहे त्याला सांगावयास नको की, मोरीच्या भिंतीला टेकलेले किंवा भांडी घासण्याच्या सिंकखालचे कपाट हलक्या प्लायचे असेल तर पहिल्याच पावसाळ्यात ते फुगते. तेव्हा कोणत्या खोलीत कोणत्या मानकाचे, किती मिलिमीटर जाडीचे व कोणत्या कंपनीचे प्लाय, हे लिहावे. दारांना सामान्यतः १८ मिलिमीटर आणि पाठीला त्याहून पातळ वापरतात. ८ फूट बाय ४ फूटच्या तक्त्यावर मानकाचा शिक्का आणि परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. तक्ते घरात येतील त्या दिवशी, लॅमिनेट चिकटविण्यापूर्वी, ते पाहावेत आणि त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. एकदा वर कागद चिकटला की आतले सत्य केवळ पाणी आणि वाळवी यांनाच कळते.

सजावटकाराचा मोबदला कसा, हेही स्पष्ट हवे. काहीजण एकरकमी घेतात, काही चौरस फुटावर, काही एकूण खर्चाच्या टक्केवारीने, तर काही माल-मजुरीसकट सारे काम अंगावर घेऊन त्यातच आपला नफा धरतात. टक्केवारीच्या पद्धतीत खर्च वाढला की मोबदला वाढतो. याचा अर्थ प्रत्येक सजावटकार खर्च वाढवितो असा नव्हे. पण काटकसर सुचविणाऱ्याला दंड बसतो, हे खरे. दुकानदाराकडून सजावटकाराला मिळणारे कमिशन हा असाच एक नाजूक विषय. ते घेणार नाही, किंवा घेतल्यास ग्राहकाला सांगेन, अशी एक ओळ लिहून मागण्यात संकोच मानू नये. जो प्रामाणिक असतो त्याला या ओळीचा राग येत नाही.

करासंबंधी एवढेच की, रक्कम करासह की कराव्यतिरिक्त, हे चार शब्द लिहावेत. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असून त्याने नोंदणी केलेली नसेल, तर त्याला हा कर ग्राहकाकडून घेता येत नाही. तेव्हा कर मागणाऱ्याचा नोंदणी क्रमांक बिलावर पाहावा.

बदलांविषयी आपल्या काकांची गोष्ट पुरेशी बोलकी आहे. घरातील एकाच व्यक्तीने बदल सांगावा, तो लिहून सांगावा, आणि त्याची किंमत व त्यामुळे वाढणारे दिवस लिहून आल्यावरच काम व्हावे. हल्ली व्हॉट्सॲपवर पाठविलेला संदेशही चालतो. जावईबापूंनी फक्त चहा घ्यावा.

मुदत लिहावी. मात्र ग्राहकाने फरशीचा रंग ठरविण्यास तीन आठवडे घेतले तर ते मुदतीत धरू नयेत, हे न्यायाचेच आहे. उशिराबद्दल दर आठवड्याला अमुक दंड असे लिहिले तरी कायद्याच्या ७४व्या कलमाप्रमाणे लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते.

येथवर बरेचसे ग्राहकाच्या बाजूने लिहिले. सजावटकाराची बाजूही तितकीच खरी आहे आणि ती क्वचितच छापली जाते. हा व्यवसाय अद्याप कायद्याच्या छत्राविना आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ सालचा कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही वास्तुविशारद ही उपाधी लावता येत नाही. त्याच वर्षी अंतर्गत सजावटकारांची 'इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स' ही संस्था स्थापन झाली, पण ती ऐच्छिक आहे. परिणामी पाच वर्षे शिकलेला आणि पाच आठवड्यांचा वर्ग केलेला, दोघेही एकच पाटी लावतात, आणि शिकलेल्याला आपल्या आराखड्याची किंमत मागताना लाज वाटावी अशी परिस्थिती येते. 'चार रेघा तर ओढल्या!' असे म्हणणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. त्यांतील काही आराखडा घेतात, 'विचार करून सांगतो' म्हणतात, आणि तोच आराखडा दुसऱ्या सुताराच्या हाती देऊन काम करून घेतात. १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्याने रेखाचित्र ही कलाकृती ठरते आणि वेगळा करार नसेल तर सामान्यतः तिचा पहिला हक्क ती काढणाराचा असतो. आणि करार कायद्याचे ७०वे कलम असे की, फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या काही केले व दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. ही कलमे वापरण्यास तरुण सजावटकारापाशी वेळही नसतो व पैसाही. त्यापेक्षा आराखड्याचे शुल्क वेगळे लिहावे, ते आराखडा देतानाच घ्यावे, आणि काम पुढे न गेले तर ते परत मिळणार नाही असे नमूद करावे. ग्राहकानेही ते आनंदाने द्यावे. डॉक्टरांची तपासणी फी आपण औषध दुसऱ्या दुकानातून घेतले म्हणून परत मागत नाही.

हप्त्यांची विभागणी अशी असावी की कोणत्याही क्षणी झालेले काम आणि दिलेले पैसे यांत मोठी तफावत राहू नये. आरंभी निम्म्याहून अधिक देऊ नये आणि शेवटी राखून ठेवावयाची रक्कमही इतकी मोठी नसावी की, केवळ एका मुठीच्या ओरखड्यासाठी कोणाचा महिन्याचा धंदा अडावा.

भाषेसंबंधी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे बोलणे मराठीत होते, कारागिरांशी हिंदी किंवा कन्नडात, आणि सहीसाठी पुढे येतो तो इंग्रजी छापील मसुदा, बहुधा कोठल्या तरी मोठ्या शहरातील कंपनीचा उतरवून घेतलेला. त्यात वाद झाल्यास लवाद अमुक महानगरात, अशी ओळ असते आणि बेळगावचा माणूस त्याखाली सही करतो. अशा करारासाठी करार कायद्याने कोणतीही एक भाषा सांगितलेली नाही. दोघांना समजेल अशा मराठीत तो खुशाल लिहावा. न्यायालयात गेल्यास भाषांतर द्यावे लागेल, एवढेच. योग्य मुद्रांकाचा कागद वापरावा. न वापरल्याने करार रद्द होत नाही, पण पुराव्यात दाखल होण्याआधी शुल्क आणि दंड भरावा लागतो.

इतके करूनही बिनसलेच तर ग्राहकाला २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे जाता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार-शुल्क नाही. आपण राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, ही या कायद्याने दिलेली मोठी सोय. सजावटकाराची थकबाकी मात्र या मार्गाने वसूल होत नाही. त्याला दिवाणी न्यायालय गाठावे लागते, आणि तेथे सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते.

या साऱ्या कागदांत एका माणसाचे नाव कोठेच नसते. तो म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा सुतार. आपल्या शहरात तो आता पुष्कळदा राजस्थानातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, अपुऱ्या इमारतीतच झोपतो, तेथेच स्टोव्हवर भाकरी भाजतो. मालक आणि सजावटकार यांचे बिनसले की दोघेही पैसे अडवितात आणि मजुरी थकते ती त्याची. मालक म्हणतो, मी याला नेमले नाही. सजावटकार म्हणतो, मालकाने दिले की देतो. काकांच्या त्या रविवारच्या बैठकीत दोन मुलगे दाराबाहेर जिन्यावर बसून होते. त्यांची दोन महिन्यांची मजुरी त्या ९,१०,००० रुपयांत कोठे तरी होती, आणि त्यांना गावी जाणारी गाडी गाठावयाची होती. ती मजुरी त्याच संध्याकाळी, तडजोडीच्या रकमेतून, सर्वांत आधी दिली गेली. तेव्हापासून जे कोणी मसुदा दाखवावयास आणतात त्यांना मी एक ओळ वाढविण्यास सांगतो: शेवटच्या दोन हप्त्यांपूर्वी कारागिरांची मजुरी चुकती झाल्याची त्यांच्या सहीची पावती सजावटकाराने मालकास दाखवावी. आजवर त्या ओळीला कोणी नाही म्हटलेले नाही.